ऊसतोड मुलांचे शालेय समावेशन

मराठवाड्यातून दर हंगामात ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यांत व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांना, टोळी जिथे उतरते त्या परिसरातील शाळेत दाखल करून घेण्याची आणि तिथे टिकवण्याची प्रक्रिया. निर्वासित मुलांच्या शिक्षणाशी तिची तुलना अनेकदा केली जाते व ती काही अंशी योग्यही आहे. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या जिनीव्हा करारातील २२ व्या कलमानुसार प्राथमिक शिक्षणाबाबत निर्वासितांना यजमान देशाच्या नागरिकांप्रमाणेच वागवावे लागते. ऊसतोड कामगाराचे मूल मुळातच या देशाचे नागरिक आणि बहुधा याच राज्याचे रहिवासी असते, त्यामुळे त्याच्या हक्काविषयी कुणी वाद घालत नाही. तरीही नव्या गावच्या वर्गात ते परकेच ठरते.

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, केज, धारूर व वडवणी हे तालुके, तसेच धाराशिव, जालना व परभणी जिल्ह्यांतील कोरडवाहू पट्टा हा या स्थलांतराचा मुख्य उगम आहे. बालाघाटाच्या माळावरील हलक्या जमिनीत खरीप निघाला की हाताला काम उरत नाही. मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या मध्यस्थाकडून, घेतलेली उचल (आगाऊ रक्कम) फेडण्यासाठी नवरा-बायकोची जोडी, जिला या व्यवहारात ‘कोयता’ म्हणूनच मोजतात, दसरा-दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर किंवा बेळगाव-बागलकोटच्या कारखान्यांकडे निघते आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाही. शाळेचे पहिले सत्र दिवाळीला संपते. म्हणजे मुलाचे बुडते ते जवळजवळ संपूर्ण दुसरे सत्र, आणि वार्षिक परीक्षाही याच सत्रात येते.

कोपीवरचा, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीवरचा, दिवस पाहिल्याशिवाय या प्रश्नाचे स्वरूप नीट लक्षात येत नाही. पहाटे अंधारातच आई-बाप उसाच्या फडात जातात. मागे राहिलेली नऊ-दहा वर्षांची मुलगी पाणी भरते, भाकरी थापते आणि तान्ह्या भावंडाला सांभाळते. तिच्याहून थोडा मोठा मुलगा वाढे (उसाचे हिरवे शेंडे) गोळा करण्याच्या किंवा बैलांना चारा घालण्याच्या कामाला लागलेला असतो. शाळा दोन-तीन किलोमीटरवर असली, तर वाट उसाने भरलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रस्त्यानेच जाते. अशी मुलगी वर्गात आलीच तर कडेवरच्या भावासह येते, आणि शिक्षकाने त्याला बाहेर बसवले की दुसऱ्या दिवशी तीही येत नाही. एका फडातला ऊस संपला की टोळी हलते व शाळाही बदलते.

या मुलांसाठी आधी शाळाच त्यांच्याकडे नेण्याचा मार्ग अवलंबला गेला. कारखान्यांच्या परिसरात, कोप्यांच्या जवळ हंगामापुरत्या चालणाऱ्या या शाळांना ‘साखरशाळा’ हे नाव पडले. औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) जनार्थ या संस्थेने हे काम चालू शतकाच्या आरंभी मोठ्या प्रमाणावर केले. साखरशाळेचा वर्ग टोळीच्या वेळेला आणि भाषेला सोयीचा होता, शिकवणाऱ्याला कोपीवरचे जगणे ठाऊक असे. पण तिथे बसणारे मूल यजमान गावच्या मुलांपासून वेगळेच राहत होते. २००९ चा बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० पासून लागू झाल्यावर धोरणाचा कल मुलांना नियमित शाळेत घालण्याकडे वळला. या अधिनियमाच्या ४ थ्या कलमानुसार मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळते, ५ व्या कलमानुसार दाखला येण्यास उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, आणि ९ व्या कलमाने स्थलांतरित कुटुंबांतील मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकली आहे. गाव सोडताना मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड देण्याची पद्धतही महाराष्ट्रात रूढ झाली.

कायदा इतका स्पष्ट असताना अडते कुठे, याचे उत्तर बरेचसे संचमान्यतेत, म्हणजे पटसंख्येवरून शाळेची शिक्षकपदे मंजूर करण्याच्या पद्धतीत, सापडते. शाळेला किती शिक्षक मिळणार हे ३० सप्टेंबरच्या पटावरून ठरते. त्या दिवशी मूल गावीच, बीडच्या शाळेच्या पटावर असते. टोळी निघते त्यानंतर. त्यामुळे साखरपट्ट्यातील शाळेत हंगामात पंधरा-वीस मुले वाढली तरी त्यांच्यासाठी जादा शिक्षक येत नाही, आणि गावच्या शाळेला पट घसरून शिक्षक अतिरिक्त ठरण्याची धास्ती असल्याने नाव कमी करण्याची तिला मुळीच घाई नसते. मूल अशा रीतीने एका ठिकाणी केवळ नावापुरते असते व दुसऱ्या ठिकाणी केवळ देहाने. पटाच्या मोजणीची तारीख हा कारकुनी तपशील वाटतो खरा, पण यजमान शाळेची अनास्था शिक्षकांच्या स्वभावापेक्षा याच तपशिलातून अधिक येते.

राज्याच्या हद्दीत बालभारतीचे पुस्तक तेच असल्याने धडा शोधावा लागत नाही. वर्गातली मुले बोलीवरून चिडवतात, पण भाषेची अडचण तेवढ्यावर भागते. तांड्यावरून आलेल्या, घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलणाऱ्या मुलांना ती अधिक जाणवते. कर्नाटकात मराठी माध्यमाची शाळा जवळ नसेल तर मात्र मूल निर्वासिताच्याच स्थितीत पोहोचते.

यजमान शाळेवर विसंबण्याऐवजी मुलाला गावीच थांबवणे हा दुसरा मार्ग आहे. हंगामी वसतिगृह योजनेत मूल आजी-आजोबांकडे किंवा नातलगांकडे राहते व त्याच्या जेवणाची व्यवस्था गावच्या शाळेमार्फत होते. २०२१ मध्ये संत भगवानबाबा यांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना जाहीर झाली, तिच्यात ४१ तालुक्यांत मुलांचे व मुलींचे प्रत्येकी एक अशी ८२ वसतिगृहे आखली गेली. ज्या घरात मागे कुणी म्हातारे माणूस नाही, त्या घराला हंगामी वसतिगृहाचा उपयोग होत नाही. वयात आलेल्या मुलीला मागे ठेवायला आई-बाप धजत नाहीत, आणि जोडीशिवाय कोयता पुरा होत नसल्याने तिचे लग्नही लवकर उरकले जाते. पुढच्या दसऱ्याला ती दुसऱ्याच कुणाच्या टोळीत, स्वतःच्या कोयत्यावर निघालेली असते.