आधी कळस, मग पाया: संवर्धन जीवशास्त्राच्या पदवीची पार्श्वभूमी

बारावीनंतर 'मला वन्यजीवांवर काम करायचंय' म्हणणाऱ्या मुलीला आजही बहुतेक जण एकच सल्ला देतात: आधी प्राणिशास्त्रात किंवा वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. कर, मग पुढचं बघू. या सल्ल्यामागे मोठा इतिहास आहे. संवर्धनाचं, म्हणजे प्रजाती आणि त्यांचं रान टिकवण्याचं शिक्षण विद्यापीठांत वरून खाली आलं. आधी हौशी अभ्यासक, मग संशोधक, मग एम.एस्सी., आणि पदवी सगळ्यांत शेवटी.

आपल्याकडे सुरुवात वर्गाबाहेरच झाली. १८८३ मध्ये मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी डॉक्टर होते. याच संस्थेच्या वातावरणात घडलेल्या सालिम अलींना सरकारी प्राणिसर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा मिळाली नाही, कारण त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. आणि ज्यांच्याकडे पदवी होती, त्यांनाही परिसरशास्त्र शिकायला दूर जावं लागलं. माधव गाडगीळ फर्ग्युसनमधून प्राणिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, मुंबईत एम.एस्सी. केलं आणि पीएच.डी.साठी हार्वर्डला गेले. परत आल्यावर वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तकांसोबत त्यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. संवर्धनाचा इतका अस्सल धडा घराजवळ होता, पण तो कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हता.

स्वतंत्र विद्याशाखा म्हणून 'संवर्धन जीवशास्त्र' उभं राहिलं ते अमेरिकेत. १९७८ मध्ये जीवशास्त्रज्ञ मायकेल सूले यांच्या पुढाकाराने कॅलिफोर्नियात या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १९८५ मध्ये सूले यांनी एका लेखात या शाखेची ओळख मांडली. ही संकटकाळातली विद्या आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. सगळी माहिती हातात येईपर्यंत थांबलं तर प्रजाती संपून जाईल, म्हणून अपुऱ्या माहितीवर निर्णय घ्यावा लागतो. शरीरक्रियाशास्त्राला जशी शल्यचिकित्सा, तसं जीवशास्त्राला हे, अशी तुलना त्यांनी केली. माझ्या मते पदवीची खरी अडचण इथेच आहे. लहान संख्येत उरलेल्या प्राण्यांत अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातलं प्रजनन, का वाढतं हे कळायला जनुकशास्त्र लागतं, गणना करायला संख्याशास्त्र लागतं, अभयारण्याच्या कडेच्या गावाशी बोलायला कायदा, अर्थकारण आणि माणसांची समज लागते. विषयांच्या भिंती पक्क्या असलेल्या आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.त हे सगळं बसवणं कठीणच होतं.

भारतात गरज आधी कायद्यानं निर्माण केली. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७३ चा व्याघ्रप्रकल्प आला, तेव्हा ते राबवायला प्रशिक्षित माणसं हवी होती. १९८२ मध्ये देहरादूनला भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली आणि १९८८ मध्ये तिथे वन्यजीवशास्त्राची एम.एस्सी. सुरू झाली. म्हणजे पुन्हा पदव्युत्तरच. पदवीच्या पातळीवर जवळचं होतं ते वनशास्त्र. दापोलीसारख्या कृषी विद्यापीठात ते शिकवलं जातं, पण त्याचा भर बराचसा लागवड आणि लाकूड-उत्पादनावर राहिला.

पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांपर्यंत हा विषय पोहोचला तो न्यायालयामुळे. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण शिक्षणाचे निर्देश दिले होते. पदवीला सक्तीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम प्रत्यक्षात यायला मात्र एक तपाहून अधिक काळ गेला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याचे डॉ. एरच भरुचा यांनी लिहिलं. त्यात जैवविविधता होती, पश्चिम घाट होता. पण पन्नास तासिकांपैकी क्षेत्रकार्याला पाचच होत्या. त्या पाच तासिकाही अनेक महाविद्यालयांत एखाद्या सहलीवर किंवा वहीतल्या प्रकल्पावर निभावल्या गेल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या पदवीचा आणि शेवटच्या वर्षात संशोधनाचा मार्ग खुला केला. या अभ्यासाला एक पूर्ण वर्ष हवंच असतं. पावसाळ्यातले बेडूक, हिवाळ्यातले स्थलांतरित पक्षी आणि उन्हाळ्यातले पाणवठे एका सत्रात बघता येत नाहीत. आता त्यासाठी लागतील रानात नेणारे शिक्षक, प्रवासाचा खर्च आणि वनखात्याची वेळेत मिळणारी परवानगी.