थिनिंगचे टक्के वेगळे, एफएलडी वेगळी

पत्रा प्रेसमध्ये दाबून पार्ट बनवायच्या सिम्युलेशनचा रिपोर्ट आला की मीटिंगमध्ये पहिला प्रश्न ठरलेला, "मॅक्स थिनिंग किती?" म्हणजे पत्रा सगळ्यात जास्त किती टक्के पातळ झाला. 22 म्हटलं की सगळे खूश, 32 म्हटलं की टूलरूमवाल्यांचे चेहरे सुतकी. पत्रा कुठला, ती जागा पार्टवर कुठे आहे, तिथे पत्रा कुठल्या बाजूंनी ताणला जातोय, हे कोणी विचारतच नाही. बरीच वर्षं ऐकतोय हे, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो.

थिनिंग सगळ्यांना कळतं, 0.8 मिमीचा पत्रा 0.6 झाला की 25%, संपलं. एफएलडी म्हणजे फॉर्मिंग लिमिट डायग्रॅम, पत्रा कुठवर ताणला तर टिकतो ते दाखवणारा ग्राफ, त्यात आकडे दोन असतात. ब्लँकवर (कापलेल्या सपाट पत्र्यावर) गोल वर्तुळं छापायची, प्रेसमधून पार्ट निघाला की ती लांबट झालेली असतात, लांब बाजू किती टक्के वाढली ते मेजर, तिच्या आडव्या बाजूला काय झालं ते मायनर (वाढली तर प्लस, आक्रसली तर मायनस). हे बिंदू ग्राफवर टाकायचे आणि त्यावरच्या लिमिटच्या कर्व्हच्या वर गेले की समजायचं इथे नेक (फाटण्याआधीची अरुंद खाच) येणार. कर्व्हची उजवी बाजू (मायनर प्लस) कीलरनी 60च्या दशकात मांडली, डावी (मायनर मायनस) गुडविननी 1968 मध्ये.

आता घोळ कुठे होतो बघा. कर्व्हचा सगळ्यात खालचा बिंदू मायनर शून्याच्या आसपास असतो, म्हणजे एकाच दिशेला ताण आणि आडवं काहीच हलत नाही, ज्याला आपण प्लेन स्ट्रेन म्हणतो. साध्या लो कार्बन स्टीलसाठी त्याचं जुनं ठोकताळ्याचं सूत्र आहे, 23.3 अधिक 14.13 गुणिले जाडी (मिमीमध्ये), आणि हे सगळं गुणिले एन (ताणताना पत्रा किती कडक होत जातो त्याचा आकडा) भागिले 0.21. एन 0.21 च्या वर असला तरी 0.21 च धरायचा. 0.8 मिमीच्या चांगल्या ड्रॉइंग पत्र्याला हे येतं साधारण 34.6%.

त्याच पत्र्यावरच्या तीन जागा घ्या. पहिली, मोठ्या गोलाईच्या पंचखाली (पंच म्हणजे पत्रा आत दाबणारं टूल), दोन्ही दिशांना 28-28% ताणलेली, थिनिंग 39%. दुसरी, लांब सरळ भिंत जिथे पंच रेडियसला टेकते ती, मेजर 36, मायनर शून्य, थिनिंग 26.5%. तिसरी, कोपऱ्याची भिंत, जिथे माल आत ओढला जातोय, मेजर 49, मायनर उणे 18, थिनिंग 18%. फक्त थिनिंग बघणारा पहिल्या जागेवर लाल शेरा मारणार, फक्त मेजर बघणारा तिसरीवर मारणार, आणि फाटणार कुठली? दुसरी! पहिली आणि तिसरी दोन्ही कर्व्हच्या बऱ्याच खाली आहेत.

असं का, हे कॉलेजात नीट सांगतच नाहीत, कर्व्ह पाठ करायला लावतात आणि पुढे जातात. नेक म्हणजे क्रॅकच्या आधी बोटाला लागते ती अरुंद घळ. घळीच्या दोन्ही बाजूंचा पत्रा तिला चिकटलेलाच असतो, त्यामुळे घळ तिच्या लांबीच्या दिशेने बाजूच्या पत्र्यापेक्षा जास्त वाढू शकत नाही, ती फक्त आडवी रुंदावते आणि खोल जाते. म्हणजे तिला पत्र्यात अशी एक दिशा लागते जिथे लांबी बदलतच नाहीये. प्लेन स्ट्रेनमध्ये ती दिशा आयती मिळते, म्हणून तिथे पत्रा लवकर हार मानतो. टेन्साइल टेस्टच्या (एकाच दिशेला ओढून तोडायच्या) पट्टीत ती दिशा तिरकी असते, ओढण्याच्या दिशेशी साधारण 55 अंशात, म्हणून चपट्या पट्टीवर नेक तिरपा पडतो, कधी निरखून बघितलंय का? आणि दोन्हीकडून ताणलेल्या भागात अशी दिशाच नसते, प्रत्येक दिशा वाढतेच आहे, मग नेकला एखाद्या आधीच्या कमजोर पट्टीपासून हळूहळू सुरुवात करावी लागते आणि तेवढ्या वेळात बाकीचा पत्रा आणखी पातळ होऊन घेतो. म्हणून तिथे 39% पण चालतं.

आता थिनिंगवाल्यांच्या बाजूने पण एक बोलतो. स्टीलच्या कर्व्हच्या डाव्या बाजूला, ट्रू स्ट्रेनमध्ये (टक्क्यांऐवजी लॉगॅरिदमने मोजलेल्या ताणात) काढलं तर, मेजर आणि मायनरची बेरीज जवळपास ठरावीक राहते, आणि बेरीज ठरावीक म्हणजे थिनिंगच ठरावीक. त्यामुळे डाव्या बाजूला आणि प्लेन स्ट्रेनला थिनिंगची एक लिमिट लावली तर फारसं बिघडत नाही, वरच्या पत्र्याला ती 25.7% येते. पण ती पत्र्यागणिक बदलते हो! त्याच जाडीचा, एन 0.14 चा हाय स्ट्रेंग्थ पत्रा घ्या, प्लेन स्ट्रेनची मेजर लिमिट 23% वर येते आणि थिनिंगची फक्त 18.7%. इडीडीवर (खोल ड्रॉइंगच्या मऊ स्टीलवर) वर्षानुवर्षं चाललेला "25 पर्यंत ओके" हा नियम तिथे लावला की पहिल्याच ट्रायलला भिंत उघडते. हे मी स्वतः एका प्रेस शॉपमध्ये बघितलंय, आणि दोष कोणाला दिला तर ऑइलला.

बाकी गोंधळ किरकोळ. इलाँगेशन 40% असलेला पत्रा 30 ला कसा फाटला, असं विचारणाऱ्याने गेज लेंग्थ (टेस्टमध्ये वाढ ज्या लांबीवर मोजली ती) वाचावी, शिवाय त्या 40 मध्ये नेक धरलेला असतो. एन आणि पत्र्याचा दुसरा आकडा आर यांच्यात गल्लत करू नका, एन ताण पसरवतो, आर जाडी टिकवतो, बस.

माझी पद्धत सांगतो. आधी एफएलडीवर बिंदू कुठल्या बाजूला पडतोय ते बघायचं, कर्व्हच्या 10 टक्के खाली सेफ्टी मार्जिन धरायची, मग थिनिंग गेज घेऊन प्रत्यक्ष पार्टवर पडताळायचं. आणि फाटलेल्या ओठावर गेज ठेवून "साहेब 45% आलं" असं कृपा करून सांगू नका, तिथे नेक होऊन गेलेला असतो, मोजायचं ते शेजारच्या न फाटलेल्या पत्र्यावर.

आणि क्रॅक जर ट्रिम केलेल्या कडेवरून किंवा फ्लँज केलेल्या होलच्या काठावरून आला असेल, तर थिनिंग आणि एफएलडी दोन्ही बाजूला ठेवा, कापलेल्या कडेचं गणित दोघांनाही माहीत नसतं. तिथे डाय क्लिअरन्स (कापताना पंच आणि डायमधली फट) किती आहे आणि बर (कापलेल्या काठावरची धारदार कोर) ताणल्या जाणाऱ्या बाजूला आलाय का, ते आधी बघा.