फायसा प्रिन्सेपी

दख्खनच्या लाव्हाथरांमध्ये अडकलेल्या गाळाच्या खडकात सापडणारी, नामशेष झालेली गोड्या पाण्यातील गोगलगाय. सॉवर्बी यांनी 1840 मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. हल्ली ती प्लॅटीफायसा या प्रजातीत धरतात. काळ सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा.

ओळखायला सोपी. शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले की ते डाव्या हाताला उघडते. देव्हाऱ्यातला नेहमीचा शंख असाच धरला तर उजवीकडे उघडतो. शेवटचा वेढा फुगीर, वरचे आखूड. विदर्भात वावर वखरताना वर येणाऱ्या पांढरट, पिवळसर गारगोटीत ती दिसते. पुष्कळदा मूळ कवच विरघळून गेलेले असते आणि आतल्या पोकळीचा दगडी साचाच तेवढा उरतो. त्यावर वेढ्यांची खाच नखाला लागते.

लाव्हा एकदम आला नाही. दोन लोटांच्या मधल्या काळात थंड झालेल्या खडकावरच्या खोलगट जागांत पाणी साचले, उथळ तळी झाली, पाणवनस्पती वाढल्या. तिचे आजचे नातेवाईक फुप्फुसाने श्वास घेतात व हवेसाठी पृष्ठभागावर येतात, त्यामुळे असे संथ, उथळ पाणी त्यांना मानवते. पुढच्या लोटाने तळे झाकले आणि पाण्यातल्या सिलिकेने (गारेच्या द्रव्याने) गाळाचा चकमकीचा कठीण दगड झाला.

विदर्भातले हे थर प्रामुख्याने गोड्या पाण्याचे. राजमहेंद्रीजवळच्या अशाच थरांत मात्र समुद्री शिंपले आहेत, आणि छिंदवाड्यातील झिलमिलीला समुद्रातल्या सूक्ष्मजीवांची कवचे सापडली. समुद्राचा फाटा मध्य भारतापर्यंत पोचला होता, असे त्यावरून 2009 मध्ये मांडले गेले. विदर्भाच्या इतक्या जवळचा हा पुरावा फार मोलाचा आहे.

नागपूर परिसरातले जीवाश्म स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी 1850च्या दशकात गोळा केले. टाकळीचे थर त्यांच्यामुळेच प्रसिद्धीस आले. शंखांवरचा हिस्लॉप यांचा निबंध 1860 चा. 1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या नाल्यात ते बुडाले.

शेतातला असा दगड बहुधा धुऱ्यावर फेकला जातो, नाहीतर गिट्टीत जातो. तो उचलताना गाव, शेत आणि कोणत्या थरातून निघाला एवढे लिहून ठेवावे; जागेची नोंद नसेल तर त्या तळ्याबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही.