टॅमरॅक

टॅमरॅक : (लॅ. लॅरिक्स लॅरिसिना, कुल – पायनेसी). लार्च प्रजातीतील पानझडी सूचिपर्णी वृक्ष. पाइन, स्प्रूस, फर ही याच कुलातील झाडे बारमाही हिरवी असतात. टॅमरॅकची पाने मात्र शरद ऋतूत सोनेरी होऊन गळतात. अलास्कापासून कॅनडाच्या पूर्व टोकाच्या न्यू फाउंडलंडपर्यंत आणि दक्षिणेला अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत तो आढळतो. उंची साधारण १० ते २० मी. पाने मऊ, २ ते ३ सेंमी. लांब असून आखूड गाठाळ फांद्यांवर झुबक्यांनी येतात. कोवळे मादी शंकू गडद लाल असतात. इवल्या गुलाबकळ्याच जणू फांदीवर ओळीने बसवल्यासारखे दिसतात.

शेवाळाने भरलेल्या पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर) दलदलीत हे झाड हमखास दिसते, म्हणून त्याला पाण्यातच लावावे असा समज होतो. हा समज रोपाच्या मुळावर येतो. खरे तर ओलसर पण निचऱ्याच्या जमिनीत टॅमरॅक जास्त जोमाने वाढतो. पण तिथे इतर झाडे त्याच्यावर सावली धरतात आणि सावली त्याला मुळीच सोसत नाही. दलदलीत गर्दी कमी, ऊन भरपूर, म्हणून तो तिथे टिकून राहतो. बीव्हर या ओढ्यांवर बांध घालणाऱ्या प्राण्याच्या बांधामुळे किंवा रस्त्याच्या भरावामुळे पाणी तुंबले, तर दलदलीतले जुने वृक्षही मरतात.

लागवडीसाठी उघडी, उन्हाची जागा आणि आम्लधर्मी, ओल धरणारी माती निवडावी. बी शरदात पेरतात किंवा काही आठवडे ओलसर थंडीत ठेवून वसंतात पेरतात. रोप हलवायचे तर कळ्या फुटण्याआधी. हे झाड लवकर पालवते, त्यामुळे दिवस हातचे जाऊ देऊ नयेत. मुळे उथळ असल्याने बुंध्याभोवती पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे. शेवाळाखाली गाडल्या गेलेल्या फांद्यांना निसर्गतःच मुळे फुटतात, म्हणजे आपले दाब कलमच. थंडी कितीही कडक असली तरी चालते. बाधतो तो कडक उन्हाळा आणि कोरडी जमीन.

लार्च सॉफ्लाय या कीटकाच्या अळ्या पाने फस्त करतात. झाड पुन्हा पालवते, पण लागोपाठ काही वर्षे हल्ला झाला तर खचते. साळिंदरे बाहेरची साल सोलून आतली साल खातात. लाकूड चिवट व टिकाऊ असून कुंपणाचे खांब, लाकडी जहाजांचे वाकडे सांधे आणि बर्फावर चालायच्या पादत्राणांच्या चौकटी त्यापासून बनवत.

हिवाळ्यात निष्पर्ण झाड वाळले समजून तोडले जाते. आधी डहाळीची साल नखाने खरवडून पाहावी; खालचा थर हिरवा असेल तर झाड जिवंत आहे.