उसात सापडलेलं पिल्लू अनाथ नसतं

दिवाळीच्या मागेपुढे साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि निफाड, सिन्नर, दिंडोरीकडच्या नदीकाठच्या गावांत ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. बांधाला कोप्या उभ्या राहतात. पुढचे चार-पाच महिने गोदावरी, दारणा आणि कादवेच्या काठचा ऊस कोयत्याखाली येत राहतो, आणि याच दिवसांत ती बातमी दरसाल येते: अमुक गावच्या शिवारात बिबट्याची पिल्लं सापडली. पाचटात दोन-तीन पिल्लं एकमेकांना चिकटून पडलेली असतात. मादी कुठे दिसत नाही. गाव जमतं, मोबाइल निघतात आणि कुणी ना कुणी म्हणतंच, ‘आई टाकून गेली बिचाऱ्यांना.’

ती गेलेली असते हे खरं. पण टाकून नाही. बहुतेक वेळा ती शेजारच्या फडात दबून बसलेली असते, नाहीतर शिकारीच्या मागे असते. रानातल्या कित्येक माद्यांच्या बाबतीत पिल्लापासून दूर राहणं हा संगोपनाचाच भाग आहे. आपल्याला तो ओळखता येत नाही, आणि म्हणून दरवर्षी चांगल्या मनाने पिल्लं उचलली जातात.

बिबट्याच्या मादीचा गर्भकाळ साधारण 90 ते 105 दिवसांचा. एका वेळी बहुधा दोन-तीन पिल्लं होतात. जन्मताना पिल्लाचं वजन अर्ध्या किलोच्या आसपास असतं आणि डोळे मिटलेले असतात. ते उघडायला आठवडा-दहा दिवस जातात. या काळात पिल्लाला अंगातली ऊब नीट टिकवता येत नाही. त्याला स्वतःहून लघवी-शीसुद्धा करता येत नाही. आई जिभेने पोटाखालचा भाग चाटते, तेव्हाच ती क्रिया सुरू होते. घरी नेऊन गायीचं दूध पाजलेलं पिल्लू दोन दिवसांत मलूल पडतं, त्यामागे दूध न मानवणं हे एक कारण असतं आणि हे दुसरं, जे कुणाच्या लक्षातच येत नाही.

आता मादीची बाजू पाहा. नर संगोपनात वाटा उचलत नाही. ती एकटी आहे, तिला दूध तयार करायचंय, आणि दूध पाजण्याचा काळ सस्तन मादीच्या शरीराला गरोदरपणापेक्षाही महाग पडतो. म्हणजे तिला नेहमीपेक्षा जास्त खायला हवं, आणि डोळे मिटलेली पिल्लं सोबत घेऊन शिकार होत नाही. शिवाय ती पिल्लांपाशी जितकी ये-जा करेल तितका तिथला वास वाढणार. त्या वासाचा माग काढत भटकी कुत्री येऊ शकतात, तरस येऊ शकतं, परका नर बिबट्याही येऊ शकतो. परका नर पिल्लं मारतो, कारण पिल्लं गेली की मादी लवकर पुन्हा माजावर येते. म्हणून पिल्लं दाट आडोशाला ठेवायची, स्वतः लांब राहायचं, परत येऊन पाजायचं आणि काही दिवसांनी जागाच बदलायची, असा तिचा क्रम असतो. शिकार लवकर मिळाली नाही तर एक-दीड दिवसही ती पिल्लांकडे फिरकत नाही.

अशा मादीला ऊस सोयीचा वाटला यात नवल काय? अडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा असतो. आत गारवा, जवळ पाटाचं पाणी, आणि ऊस मोठा झाला की माणूस आत फारसा शिरत नाही. वाडी-वस्तीवर कुत्री, डुकरं आणि शेळ्या असतात. नाशिक जिल्ह्याला लागून असलेल्या अकोले तालुक्यात वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी ट्रॅप कॅमेरे, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप चित्र टिपणारे कॅमेरे, लावून बिबटे मोजले. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर 100 चौरस किलोमीटरमध्ये सुमारे पाच प्रौढ बिबटे आढळले, आणि तेही राखीव जंगल नसलेल्या, ऊसशेतीच्या आणि दाट वस्तीच्या भागात. विष्ठेच्या तपासणीतून कळलं की त्यांच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा आहे. उसात जन्मलेल्या मादीला ऊस हेच घर वाटतं, आणि पुढे तीही तिथेच वितेल हे ओघाने आलं. तोडीच्या दिवसांत मात्र तिचं घर दोन दिवसांत भुईसपाट होतं. कधी कधी पिल्लं हलवायला तिला वेळच मिळत नाही.

वन विभागाने यावर गेल्या काही वर्षांत जी पद्धत बसवली आहे ती मला फार मोलाची वाटते. पिल्लं सापडली की तोड थांबवतात. पशुवैद्य पिल्लं तपासतात, नर-मादी आणि वय पाहतात, गरज असेल तर पाणी किंवा औषध देतात. मग दिवस मावळण्याआधी पिल्लं सापडली त्याच जागी, टोमॅटोच्या कॅरेटसारख्या एखाद्या खोक्यात ठेवतात. भोवती ट्रॅप कॅमेरे लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. हे लांब जाणं सर्वांत अवघड. ज्याच्या वस्तीपासून शंभर पावलांवर हे चाललंय, ज्याची लेकरं अंगणात निजतात, त्याला ‘आज रात्री घरातच थांबा, दिवे-आवाज नको’ हे पटवून द्यावं लागतं. त्याची भीती खोटी नाही. पिल्लं असलेली मादी चवताळलेली असते, आणि पिल्लं गावात नेऊन ठेवली तर ती त्यांना शोधत वस्तीभोवती घिरट्या घालते. पिल्लं तिला परत मिळणं हे म्हणूनच गावाच्याही हिताचं.

कॅमेऱ्यांत जे दिसतं ते थक्क करणारं असतं. मादी सरळ येत नाही. आधी लांबून वास घेते, थांबते, माघारी जाते, पुन्हा येते. खोकं हुंगते, पंजाने कलंडवते. मग एका पिल्लाला मानेमागच्या सैल कातडीला धरून उचलते आणि अंधारात नाहीशी होते. थोड्या वेळाने दुसऱ्यासाठी परत येते. काही वेळा दुसरं पिल्लू ती दुसऱ्या रात्री नेते, तोवर कर्मचाऱ्यांना धीर धरावा लागतो. माणसाचा हात लागला की आई पिल्लू स्वीकारत नाही, हा समज या चित्रीकरणांनी पुरता मोडीत काढला आहे. दिवसभरात कितीतरी हातांतून गेलेली पिल्लं तिने नेलेली आहेत.

तोंडात धरलेलं पिल्लू तेव्हा एकदम शांत होतं, पाय आखडून लोंबकळत राहतं. जपानमधल्या रिकेन संस्थेत कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये हाच प्रकार उंदरांची पिल्लं आणि सहा महिन्यांच्या आतली माणसाची बाळं यांच्यात तपासला. आईने उचलून चालायला सुरुवात केली की दोघांचंही रडणं-वळवळणं थांबतं आणि हृदयाचे ठोके मंदावतात. रात्री रडणाऱ्या तान्ह्याला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारी आजी वर्षानुवर्षं हेच करत आली आहे. धोक्यातून पळताना पिल्लू स्थिर राहिलं तर आईची धाव सोपी होते, हे यामागचं संभाव्य कारण.

येवला तालुक्यातल्या ममदापूर संवर्धन राखीव क्षेत्रात हीच दूर राहण्याची तऱ्हा माळावर दिसते. काळविटांचं पाडस बिबट्याच्या पिल्लासारखं आंधळं नसतं. जन्मल्यावर थोड्याच वेळात ते उभं राहतं. तरी पहिले काही दिवस ते कळपाबरोबर धावत नाही, गवतात अंग चोरून पडून राहतं. हरणी वार, म्हणजे पाडसामागून पडणारी नाळेची पिशवी, खाऊन टाकते, पाडसाला चाटून कोरडं करते, त्याची विष्ठा-मूत्रसुद्धा चाटून घेते, म्हणजे लांडग्याला वास लागायला नको. मग ती चरायला लांब जाते आणि दिवसातून मोजक्या वेळा पाजायला परतते. पाडस हलत नाही, ओरडत नाही. उत्तर अमेरिकेतल्या पांढऱ्या शेपटीच्या हरणांवरच्या निरीक्षणांत दिसलंय की धोक्याची चाहूल लागताच लपलेल्या पाडसाचे ठोके झपकन खाली येतात. माळावर गुरं चारणाऱ्या एखाद्याला असं पाडस दिसतं, ते पळत नाही म्हणून आजारी वाटतं, आणि कळवळ्याने तो त्याला घरी आणतो. पळत नाही कारण ते आपलं काम चोख करत असतं.

ससा याहून टोकाला गेलेला. युरोपातल्या रानसशांच्या अभ्यासातून दिसतं की मादी दिवसभर पिल्लांजवळ येतच नाही. सूर्य मावळल्यावर विखुरलेली पिल्लं जन्मल्या जागी गोळा होतात, ती येते, काही मिनिटं पाजते आणि जाते. चोवीस तासांत एकदाच. एवढ्यावर पिल्लू वाढतं कारण दूध तसं असतं. माणसाच्या दुधात स्निग्धांश साधारण 4 टक्के, सशाच्या कुळात तो 10 टक्क्यांच्या वर जातो. आपलं दूध पातळ आहे, कारण आपलं बाळ आईच्या अंगावर असतं आणि मागेल तेव्हा पितं. दूध पाहून ती मादी पिल्लाजवळ किती वेळ असते याचा बराचसा अंदाज बांधता येतो. मला हे सस्तन प्राण्यांच्या अभ्यासातलं एक अत्यंत सुंदर सूत्र वाटतं.

अंगावर पिल्लू वागवणाऱ्यांत वानरं आपल्या रोजच्या पाहण्यातली. अंजनेरी, त्र्यंबकच्या डोंगरांत वानरांच्या टोळ्या पाहताना पोटाला बिलगलेलं काळपट पिल्लू लगेच नजरेत भरतं, कारण मोठी वानरं राखाडी असतात. ते मूठ घट्ट आवळून आईची लव धरतं. आपल्या तान्ह्या बाळाच्या तळव्यावर बोट ठेवलं की ते आवळतं, ती याच पकडीची खूण. मानववंशशास्त्रज्ञ सारा हर्डी यांनी 1970 च्या दशकात माउंट अबूला हनुमान वानरांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसलं की जन्मलेल्या दिवशीच पिल्लू टोळीतल्या दुसऱ्या माद्यांच्या हाती जातं. मावश्या, बहिणी, ज्यांना अजून पिल्लू झालेलं नाही अशा तरुण माद्या त्याला घेतात, आणि तेवढा वेळ आईला निवांत चरता येतं. बिबट्याच्या मादीला जे एकटीने, लपवाछपवीने साधावं लागतं, ते वानरीला टोळीमुळे साधतं.

पाठीचा उपयोग करणारेही आहेत. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ हे शब्दशः खरं आहे: विंचवीण अंडी न घालता जिवंत पिल्लं देते, ती तिच्या पाठीवर चढतात आणि पहिली कात टाकेपर्यंत तिथेच राहतात. तोवर ती काही खात नाहीत, अंगातल्या साठ्यावर जगतात. आणि नांदूर मध्यमेश्वरच्या पाणवनस्पतींवर चालणाऱ्या कमळपक्ष्यांत तर मादी अंडी देऊन दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं हे नराचं काम.

बिबट्याच्या पिल्लाचं दूध काही महिन्यांत सुटतं. सहा-आठ आठवड्यांचं झालं की ते मांस चाखू लागतं. त्यानंतर खरं शिक्षण: कुठे दबायचं, कुठल्या वाटेने रात्री वस्ती ओलांडायची, माणसाचा आवाज आला की काय करायचं. आईबरोबर ती दीड-दोन वर्षं राहतात. मग मादी पिल्लं बहुधा आईच्या हद्दीलगत आपली हद्द धरतात आणि नर दूर निघून जातात. बाटलीने वाढवलेल्या पिल्लाला ही दीड-दोन वर्षं कुणी देऊ शकत नाही. त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीती वाटत नाही, त्यामुळे त्याला पुन्हा शिवारात सोडणं त्याच्या आणि गावाच्याही जिवावर बेतू शकतं. जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात असे बिबटे आयुष्यभर पिंजऱ्यात राहतात. पिल्लू दिसल्यावर वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर त्याच दुपारी फोन गेला, तर संध्याकाळी पिल्लू खोक्यात बसून आईची वाट पाहू शकतं.