भस्मासुर वेगळा, फ्रँकेन्स्टाईनचा तो वेगळा

यंत्र माणसावर उलटलं की लिहिणारे कधी 'भस्मासुर' म्हणतात, कधी 'फ्रँकेन्स्टाईन'. जणू एकाचीच दोन नावं! मुळात फ्रँकेन्स्टाईन हे बनवणाऱ्याचं आडनाव. मेरी शेलीच्या १८१८च्या कादंबरीत व्हिक्टर फ्रँकेन्स्टाईन जीव घडवतो, पण त्या जिवाला नावच नाही. १९३१च्या चित्रपटाच्या सुरुवातीला तर पाट्यांवर त्या भूमिकेसमोर नटाऐवजी नुसतं प्रश्नचिन्ह होतं.

भस्मासुराचं तसं नाही. श्रावणी सोमवारी औंढा नागनाथाचं दर्शन करून आल्यावर मावशी शिवलीलामृत वाचायची. त्यात महादेवाच्या भस्मात खडा निघतो, त्यातून हा उपजतो. त्याला नाव मिळतं, रोज ताजं भस्म आणायचं काम मिळतं, वर हा वर: ज्याच्या डोक्यावर हात ठेवील तो भस्म. लाडावलेलंच म्हणा ना. मग त्याची नजर पार्वतीवरच जाते.

त्या दुसऱ्याला काय मिळालं? त्यानं डोळे उघडले आणि व्हिक्टर खोलीतून पळाला. पुढे त्यानं मागून मागितली ती एक जोडीदारीण. व्हिक्टरनं ती करायला घेतली आणि त्याच्या डोळ्यांदेखत अर्धवट असतानाच फाडून टाकली. उलटले दोघंही, पण एक मिळाल्यानं माजला, एक टाकल्यानं पिसाळला.

परवा टीव्हीवर रजनीकांतचा २०१०चा 'रोबोट' लागला होता. मावशी वाती वळत बसली होती. बनवणारा वसीगरन आणि बनलेला चिट्टी, दोन्ही रजनीकांतच. लष्कराच्या परीक्षेत चिट्टीनं घोळ घातला तसा वसीगरननं कुऱ्हाडीनं त्याचे तुकडे केले, कचऱ्यात फेकले. मावशीचा हात थांबला.

"असं कामून केलं रं त्यानं? लेकरू उकिरड्यावर टाकलं की!"

मग वसीगरनच्याच गुरूनं, बोहरानं, चिट्टीला संहारक करणारी लाल चिप बसवली. चिट्टीनं आपल्यासारखेच ढीगभर चिट्टी बनवले आणि वसीगरनची नवरी सना भर मांडवातून उचलली.

"आता झाला बघ भस्मासुर," मावशी म्हणाली.

शेवटी कोर्टाच्या हुकमानं चिट्टी स्वतःच स्वतःचे भाग सुटे करत गेला. मोहिनीला नाचावं लागलं नाही. मावशीनं चष्मा पुसला आणि वातींचा डबा बंद केला.