बक्षीस वेगळं, पगार वेगळा

डोटा २ या व्हिडिओ गेममधली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे 'द इंटरनॅशनल'. २०२१ मध्ये बुखारेस्टला टीम स्पिरिट या संघाने ती जिंकली, तेव्हा त्यांना १ कोटी ८२ लाख डॉलर मिळाले. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये सिएटलला, त्यांनी ती पुन्हा जिंकली. या वेळी मिळाले साधारण १४ लाख डॉलर. स्पर्धा तीच, विजेत्यांना मिळणारी ढाल तीच, पाचांपैकी चार खेळाडूही तेच. सराव काही कमी झाला नव्हता. रक्कम मात्र तेराव्या हिश्शावर आली.

व्यावसायिक गेमिंगमध्ये पैसा किती, असं कोणी विचारलं की पहिला, म्हणजे २०२१ चा आकडा सांगितला जातो. मुलगा घरच्यांना तोच दाखवतो, बातमीच्या मथळ्यातही तोच असतो. पण ते बक्षीस आहे. खेळाडूचं घर ज्यावर चालतं तो पगार. या दोन गोष्टी इतक्या सहज एकमेकींच्या जागी वापरल्या जातात की सतरा-अठराव्या वर्षी घेतलेले मोठे निर्णय त्या गोंधळावर उभे राहतात. म्हणून दोन्ही नीट वेगळ्या करून पाहायला हव्यात.

आधी बक्षीस. २०२१ च्या स्पर्धेची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरच्या थोडी वर होती. त्यातले १६ लाख खेळाची मालक कंपनी व्हॉल्व्हने घातले होते. बाकी सगळं चाहत्यांच्या खिशातून आलं. कंपनी खेळातल्या सजावटीच्या वस्तूंचा 'बॅटल पास' विकत असे आणि त्या विक्रीतला २५ टक्के वाटा बक्षिसात टाकत असे. हिशेब उलटा केला तर विक्री १५ कोटी डॉलरच्या वर जाते, आणि तिचा तीन चतुर्थांश भाग कंपनीकडेच राहतो. २०२३ मध्ये कंपनीने त्या प्रकारचा बॅटल पास थांबवला आणि बक्षिसाची एकूण रक्कम ३० लाखांच्या आसपास आली. म्हणजे ४ कोटी हा आकडा खेळाडूंच्या कौशल्याची किंमत सांगत नव्हता. त्या वर्षी सजावट किती खपली, एवढंच तो सांगत होता.

त्या रकमेची वाटणीही पाहण्यासारखी आहे. विजेत्या संघाला ४५.५ टक्के, दुसऱ्याला १३ टक्के, आणि तळाच्या दोन संघांना पाव-पाव टक्का, म्हणजे प्रत्येकी सुमारे १ लाख डॉलर. ते पाच खेळाडूंत वाटायचे, प्रशिक्षकाला द्यायचे, करारात असेल तर क्लबचा वाटा काढायचा, मग कर. अमेरिकेत झालेल्या स्पर्धेत परदेशी खेळाडूच्या बक्षिसातून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो. दोन देशांत करविषयक करार असेल तर काही सूट मिळते. तरी हे जगातले निवडक १८ संघ होते. पात्रता फेरीत हरलेल्यांना यातला एक डॉलरही मिळत नाही, आणि सरावाचे तास त्यांचेही तेवढेच असतात.

आता पगाराचं जग. लीग ऑफ लिजंड्स या दुसऱ्या व्हिडिओ गेमची जागतिक स्पर्धा नोव्हेंबर २०२३ मध्ये सोलला संपली आणि दक्षिण कोरियाचा टी१ हा संघ जिंकला. चीनमधले प्रेक्षक वगळूनही तो अंतिम सामना एका वेळी ६४ लाख लोकांनी पाहिला. संघाला बक्षीस मिळालं ४ लाख ४५ हजार डॉलर. टीम स्पिरिटने २०२१ मध्ये मिळवलेल्या रकमेचा हा चाळिसावा हिस्सा.

म्हणून फेकर या नावाने ओळखला जाणारा ली सांग-ह्योक बक्षिसांच्या यादीत डोटाच्या कितीतरी खेळाडूंच्या खाली दिसतो. २०१३ मध्ये सतराव्या वर्षी तो पहिल्यांदा जगज्जेता झाला आणि एकाच क्लबकडून खेळत राहिला. २०२० मध्ये त्या क्लबमध्ये त्याला भागीदारी मिळाली. त्याचं उत्पन्न करारात, जाहिरातीत आणि त्या भागीदारीत आहे, आणि यातलं काहीही बक्षिसांच्या तक्त्यात येत नाही. नुसती यादी वाचणाऱ्याला या खेळातला सर्वांत मोठा माणूस मधल्या फळीतला वाटेल. 'सर्वाधिक कमाई करणारे गेमर' अशा याद्यांवर माझा विश्वास नाही तो याचमुळे.

लीग ऑफ लिजंड्समध्ये पगाराला काही ठिकाणी खालची मर्यादाही आहे. कोरियाच्या लीगने २०२१ मध्ये संघांना कायमच्या जागा दिल्या तेव्हा खेळाडूचा किमान वार्षिक पगार २ कोटी वॉनवरून ६ कोटी वॉनवर नेला. उत्तर अमेरिकेच्या लीगमध्ये २०१८ पासून किमान ७५ हजार डॉलर होते. एकही सामना न जिंकणाऱ्या संघातल्या खेळाडूलाही ते मिळणार. बक्षीस आणि पगार यांच्यातला फरक इथे सर्वांत स्पष्ट दिसतो: हरल्यावर काय उरतं?

कोरियात हे आधी जमलं त्यामागे बराच इतिहास आहे. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर देशभर वेगवान इंटरनेट पसरलं, तासावर संगणक देणारी केंद्रं गल्लोगल्ली उघडली, २००० मध्ये ई-स्पोर्ट्सची, म्हणजे व्यावसायिक गेमिंगची, राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि स्टारक्राफ्ट या खेळाचे सामने टीव्हीवर दिसू लागले. दूरसंचार कंपन्यांनी संघ पोसले, म्हणून तिथे पगारी खेळाडू ही कल्पना रुजली.

पण पगार म्हणजे भक्कम जमीन, असंही समजू नये. पगार कुठून येतो हे विचारलं की तिची खोली कळते. तिकिटं आणि प्रक्षेपणाचे हक्क यांतून क्लबांना फार थोडं मिळतं. मोठा भाग प्रायोजकांचा, गुंतवणूकदारांचा आणि खेळाच्या मालक कंपनीच्या मदतीचा असतो. २०१८ मध्ये ओव्हरवॉच या खेळाची लीग सुरू झाली तेव्हा किमान ५० हजार डॉलर पगार, आरोग्यविमा आणि राहण्याची सोय असं सगळं होतं. नियम इतका विचारपूर्वक केलेला होता की संघाने जिंकलेल्या बक्षिसातला निदान निम्मा वाटा खेळाडूंना देणं बंधनकारक होतं. २०२३ च्या हंगामानंतर ती लीगच बंद झाली. २०२० च्या अखेरीस टीएसएम या अमेरिकन क्लबने तैवानच्या सोर्डआर्ट या लीग ऑफ लिजंड्स खेळाडूला दोन वर्षांसाठी ६० लाख डॉलरचा करार दिला होता. २०२३ मध्ये तो क्लब लीग ऑफ लिजंड्सच्या उत्तर अमेरिकेतल्या लीगमधून बाहेर पडला. त्याच वर्षी मे महिन्यात, संघांनी दुसऱ्या फळीचा संघ ठेवलाच पाहिजे ही अट काढून टाकल्यावर, उत्तर अमेरिकेतल्या खेळाडूंनी संप केला आणि हंगाम दोन आठवडे लांबला. मला तो संप पूर्ण योग्य वाटतो. पहिल्या फळीच्या पगारापर्यंत नेणारी शिडी कापली जात होती, आणि वर पोहोचलेले खेळाडू खाली उभ्या असलेल्यांसाठी थांबले होते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे. बुद्धिबळाचा कोणी मालक नाही. व्हिडिओ गेमचा असतो. मालकाने स्पर्धा थांबवली, किंवा सरकारने खेळ थांबवला, तर पगार आणि बक्षीस एकाच दिवशी संपतात. भारतात पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली. त्या खेळाची जागा घेणारा बीजीएमआय जुलै २०२१ मध्ये आला, वर्षभराने ॲप स्टोअरवरून काढला गेला आणि मे २०२३ मध्ये परत आला. एखाद्या खेळाडूची ऐन उमेदीची वर्षं नेमकी याच काळात आली असतील, तर त्याच्या गुणवत्तेला त्यात काही बोलता आलं नाही.

काही खेळांत पगार जवळपास नसतोच. स्ट्रीट फायटर, टेकेन यांसारख्या एकास एक लढतींच्या खेळांत कोणीही नाव नोंदवून उतरू शकतो, आणि एव्हो या त्यांच्या मोठ्या स्पर्धेत बक्षिसाचा गल्ला खेळाडूंच्याच दहा-दहा डॉलरच्या प्रवेश शुल्कातून भरत आला. पाकिस्तानातल्या लाहोरचा अर्सलान ॲश २०१९ मध्ये आधी जपानमधली आणि मग लास व्हेगासची एव्हो टेकेनमध्ये जिंकला. त्याआधी त्याला आडवा येत होता तो व्हिसा आणि विमानभाडं. अशा खेळाडूसाठी प्रायोजकाने काढलेलं तिकीट हाच पगार. दुसऱ्या टोकाला, २०२४ मध्ये लॉस एंजेलिसला स्ट्रीट फायटरचा कॅपकॉम कप जिंकणाऱ्या तैवानच्या उमाला एकट्याला १० लाख डॉलर मिळाले. एकाच कुळातले हे खेळ, तरी बक्षिसात एवढी दरी.

जपानमध्ये तर बक्षीस कोणाला द्यायचं यावरच कायद्याचा प्रश्न उभा राहिला. ग्राहकांना वस्तूबरोबर दिल्या जाणाऱ्या भेटींवर मर्यादा घालणारा तिथला कायदा गेमच्या स्पर्धांनाही लागू होतो असं मानलं गेलं, आणि १ लाख येनपेक्षा मोठं बक्षीस अडचणीत आलं. त्यावर तोडगा म्हणून २०१८ मध्ये स्थापन झालेली संघटना व्यावसायिक खेळाडूचा परवाना देऊ लागली. मोमोची या स्ट्रीट फायटर खेळाडूने तो घ्यायला नकार दिला. २०१९ मध्ये टोकियोत तो जिंकला, तेव्हा ५० लाख येनच्या जागी त्याच्या हाती सुमारे ६० हजार येन पडले. स्वतःच्या भूमिकेसाठी एवढी किंमत मोजणारा खेळाडू मला कोणत्याही जगज्जेत्याइतका मोठा वाटतो.

बक्षीस आणि पगार यांची सरमिसळ होते अशा जागाही आहेत. काउंटर-स्ट्राइक या खेळाच्या मोठ्या स्पर्धांत संघांच्या आणि खेळाडूंच्या नावाची स्टिकरं खेळात विकली जातात आणि त्या विक्रीतला निम्मा वाटा त्यांच्याकडे येतो. तो ना पगार, ना बक्षीस. रियाधला २०२४ मध्ये सुरू झालेल्या ई-स्पोर्ट्स वर्ल्ड कपमध्ये वेगवेगळ्या खेळांतली कामगिरी एकत्र मोजून क्लबांना वेगळं बक्षीस दिलं जातं. अव्वल क्लबला ७० लाख डॉलर. जिंकून देतात खेळाडू, पैसे जातात क्लबकडे, आणि त्यातलं खेळाडूपर्यंत किती पोहोचणार हे करारच ठरवतो.

समर्पणाबद्दल बोलताना बहुतेक लोक रोजचे बारा-चौदा तास सांगतात. कोरियातल्या व्यावसायिक संघांचा दिवस साधारण असाच जातो: दुपारी दुसऱ्या संघाशी सरावाचे सामने, संध्याकाळी पुन्हा तेच, मग मध्यरात्र उलटेपर्यंत एकट्याचा खेळ. शरीर त्याची वसुली करतं. चीनचा लीग ऑफ लिजंड्स खेळाडू उझी २०२० मध्ये निवृत्त झाला तेव्हा २३ वर्षांचा होता. मधुमेह आणि हाताचं दुखणं ही त्यामागची कारणं होती. काही काळाने तो परतला, पण तेविसाव्या वर्षी थांबायला लागणं ही या क्षेत्रात नवलाची बातमी नव्हती.

मला जास्त टोचतात ती पगार सुरू होण्याआधीची वर्षं. तेव्हाचे तास कोणीच मोजत नाही. कराचीत जन्मलेला सुमैल लहानपणी गेमिंग कॅफेत जास्त वेळ खेळता यावं म्हणून स्वतःची सायकल विकून आला होता. पुढे कुटुंब अमेरिकेला गेलं, २०१५ मध्ये सोळाव्या वर्षी तो 'द इंटरनॅशनल' जिंकला, आणि संघाला ६६ लाख डॉलर मिळाले. ही गोष्ट खरी आहे आणि सुंदर आहे. पण तशीच सायकल विकून पात्रता फेरीपर्यंतही न पोहोचलेल्या मुलाची गोष्ट कुठे छापून येत नाही, आणि बक्षिसाच्या तक्त्यात त्याच्यासाठी ओळही नसते.

त्या वर्षांवर प्रत्येक देशाची वेगळी पकड असते. चीनने २०१९ मध्ये ई-स्पोर्ट्स खेळाडू हा अधिकृत व्यवसाय मानला, आणि २०२१ मध्ये अठरा वर्षांखालच्यांना आठवड्यातून फक्त तीन तास ऑनलाइन खेळण्याची परवानगी ठेवली. पगाराचा दरवाजा उघडला, त्याकडे नेणारी वाट आखडली. कोरियात तरुणांना सुमारे दीड वर्ष लष्करी सेवा करावी लागते, आणि ती ऐन भरात असलेल्या कारकिर्दीच्या मधोमध येते. म्हणून २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडास्पर्धेत लीग ऑफ लिजंड्सचं सुवर्णपदक जिंकणाऱ्यांना मिळालेली सूट कुठल्याही रकमेपेक्षा मोठी होती. ते बक्षीस वेळेच्या रूपात मिळालं.

कोणी आपल्या मुलाला आलेला करार घेऊन सल्ला मागायला आलं, तर स्पर्धेच्या रकमेबद्दल मी एकही प्रश्न विचारणार नाही. पगार दरमहा किती आणि किती महिने. बक्षिसातला क्लबचा हिस्सा किती. क्लब बदलायचा असेल तर नव्या क्लबने किती रक्कम भरायची. लीग किंवा खेळच बंद पडला तर उरलेल्या महिन्यांचं काय. बक्षीस खेळाडूच्या खात्यात थेट येणार की क्लबमार्फत, आणि किती दिवसांत. मोठ्या स्पर्धांचे पैसेही महिनोन्‌महिने उशिरा आलेले आहेत. त्या मधल्या महिन्यांत घरभाडं कोण भरणार, हा प्रश्न करारावर सही करण्याआधी विचारायचा.